सहा कोस चालत आलेली पाटला

फार पूर्वी शाल्मली नगरीत सुतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लेखनिकाच्या कुळात जन्मला. त्याचे नाव क्षेमक. तो मोठा झाल्यावर राजाने त्याला धान्यकोठारावर परीक्षक नेमले. त्या राज्यात लागोपाठ तीन वर्षे पाऊस पडला नव्हता. ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना दर पंधरवड्याला दोन पायल्या साळी मिळाव्यात, अशी राजाची आज्ञा होती. घरोघर जाऊन कोण खरा गरजू ते पाहायचे आणि ताडपत्रावर लिहून आणायचे, हे क्षेमकाचे काम. तो कधी खोटे लिहीत नसे. त्याचे अक्षर पाहिले की कोठारावरचे लोक पुढे काही विचारीत नसत.

वाटपाचे पहिले वर्ष बरे गेले. मग विलोचन नावाच्या अमात्याने राजाला पटवले की धान्य नको त्या घरी जात आहे, आणि त्याने नियम केले. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे तो अपात्र. ज्याचा मुलगा जिवंत आहे तो अपात्र. ज्याच्या घरी धंद्याचे हत्यार आहे तोही अपात्र, कारण त्याला कमावून खाता येते. नियम वाचून दाखवले तेव्हा क्षेमकाला ते वाजवीच वाटले.

त्या उन्हाळ्यात तो निंबग्रामला गेला. नगरापासून सहा कोसांवरची ती विणकरांची वस्ती. तिथे पाटला नावाची एक विधवा एकटी राहत असे. तिच्या घरात एक मडके, एक गोधडी आणि अर्धी खोली अडवून बसलेला माग होता.

"माई, हा माग तुमचाच?" क्षेमकाने विचारले.

"माझाच. सासऱ्यांनी केलेला."

"चांगला आहे?"

"माग चांगला आहे. हात गेले." तिने पदराखालून हात बाहेर काढले. बोटे आत वळून तळव्याला चिकटली होती. "दोन वर्षं झाली. धोटा धरता येत नाही. शेजारीण भरवते, तिच्याकडे असलं तर."

"मग विकून का टाकत नाही?"

"घेणार कोण? सगळ्या वस्तीचे माग बंद पडलेत. सरपणाच्या भावानं मागतात. आणि तेवढ्यालाही विकला, तर तुम्हीच लिहाल, हिच्या हातात पैसा आला."

क्षेमकाला ठाऊक होते, तसाही एक नियम होता. त्याने तिथेच बसून लिहिले : माग आहे. हात चालत नाहीत.

विलोचनाने ते ताडपत्र वाचले, लेखणी उचलली आणि दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली.

"हे काय केलंत?" क्षेमक म्हणाला. "तेही खरंच आहे."

"असेल. पण घरात काय आहे ते आपण विचारतो, काय नाही ते विचारत नाही. तू माग आहे असं लिहिलंस. तुझ्या शब्दावर कोणी शंका घेत नाही, म्हणून तर तू इथे आहेस."

क्षेमकाला त्या शब्दांचा अर्थ घरी पोचेपर्यंत नीट कळला नाही. त्याचा विश्वासाचा शब्दच लोकांना उपाशी ठेवायला वापरला जात होता; ते कळले तेव्हा त्याला जेवण गेले नाही.

तो पुन्हा निंबग्रामला गेला आणि पाटलेला म्हणाला, "माई, तुम्हांला अपात्र ठरवलंय. पण राजसभेत गाऱ्हाणं घालता येतं. पौर्णिमेला, स्वतः हजर राहून."

"तुम्ही लिहिलंत ना, हात चालत नाहीत म्हणून?"

"लिहिलं."

"मग?"

"अमात्यांनी त्यावर रेघ मारली," त्याने सांगितले. ती म्हणाली, "येते मी."

दोन दिवस चालून ती आली. सभेच्या दारातच ती भिंतीला टेकली. राजा सिंहासनावर होता, विलोचन त्याच्या उजव्या हाताला.

"कुठून आलीस?" विलोचनाने विचारले.

"निंबग्रामहून."

"म्हणजे सहा कोस. कशी आलीस?"

"चालत."

विलोचन राजाकडे वळला. "महाराज, जी सहा कोस चालते तिच्या अंगात काम करण्याइतकं बळ आहे."

"आणि मी आले नसते तर?" पाटलेने विचारले.

"तर तुझं काही गाऱ्हाणंच नाही असं धरलं असतं."

सभेत कोणीतरी हसले. क्षेमक पुढे झाला. "महाराज, हिचे हात पाहा. एकदा पाहा."

राजा म्हणाला, "क्षेमका, एकीचे हात पाहिले तर उद्या हजार जणी हात दाखवायला येतील. नियम कशासाठी केलाय?" आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावण्याची खूण केली.

क्षेमकाने कमरेची परीक्षकपदाची मुद्रा सोडून पायरीवर ठेवली आणि तो पाटलेला गाडीत घालून निंबग्रामला घेऊन गेला. आपल्या घरचे सारे धान्य त्याने बाहेर काढले. त्याच्या अक्षराने जे जे अपात्र ठरले होते त्यांच्या दारी तो एकेक करून गेला. लोकांनी धान्य घेतले. काहींनी घेताना त्याच्याकडे पाहिलेही नाही.

पाटला म्हणाली, "हे तुमचं झालं. मी तुमचं मागितलं नव्हतं. राजानं सगळ्यांना दिला तो वाटा मागितला होता."

"खरं आहे, माई."

"ठेवा तिथं. भूक आहे म्हणून घेते."

पौष महिन्यात तिला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. क्षेमकानेच तिला अग्नी दिला. तोवर त्याचीही कणगी रिकामी झाली होती. मग तो कोठारासमोरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. नव्या परीक्षकाने त्याला ओळखले, खाली मान घालून सगळे प्रश्न विचारले आणि म्हणाला, "आपण काम स्वतःहून सोडलंत. अपात्र."

पौर्णिमेला क्षेमक सभेत उभा राहिला. राजाने त्याच्या गळ्याची हाडे पाहिली.

"क्षेमका, तू उपाशी आहेस?"

"आहे, महाराज."

राजा विलोचनाकडे वळला. "हा खोटं बोलत नाही."

"नाही, महाराज. तो उपाशी आहे आणि अपात्र आहे."

हे दोन शब्द शेजारी शेजारी ऐकून राजा दचकला. त्याने अपात्रांची सगळी ताडपत्रे सभेत आणवली आणि रेघांखालचे वाचायला सांगितले. वाचणारा वाचू लागला : गाय आहे, भाकड आहे. मुलगा आहे, परदेशी आहे, सात वर्षे निरोप नाही. माग आहे, हात चालत नाहीत. दुपार टळली तरी वाचन संपले नाही. राजाने नियम रद्द केले. यापुढे परीक्षकाने एवढेच पाहावे की या घरी आज कोणी जेवले आहे की नाही, अशी त्याने आज्ञा दिली. विलोचनाला शिक्षा झाली नाही. तो सीमेवरच्या एका प्रांताचा अधिपती झाला.

दुसऱ्या दिवशी कोठाराचे दार उघडले. दवंडीवाला अपात्रांच्या ताडपत्रांवरची नावे पुकारू लागला आणि माणसे पुढे येऊन पदर पसरू लागली. पण एकशे सहा नावांपैकी एकोणतीस नावांना कोणी ओ दिली नाही. प्रत्येक नाव रीतीप्रमाणे तीनदा पुकारले गेले. क्षेमक रांगेत उभा राहून तिन्ही वेळा ऐकत राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने आपल्या दोन पायल्या घेतल्या आणि तो तिथेच खाली बसला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली, त्याला निमित्त असे झाले. चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, वाटण्याचे काम पाहणाऱ्या कुंभिल नावाच्या भिक्षूने एका आजारी वृद्ध भिक्षूला, "तुमच्यापाशी कांबळे आहे," असे म्हणून परत पाठवले होते. त्या कांबळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा विलोचन हा आजचा कुंभिल. तेव्हाची पाटला म्हणजे चिंध्या पांघरून झोपलेला तो वृद्ध. तेव्हाचा राजा म्हणजे हे सारे पाहून गप्प बसलेले तुम्ही. आणि परीक्षक क्षेमक मी होतो. त्या जन्मी मी सत्य पाळले, पण त्याला करुणेची जोड द्यायला मला उशीर झाला. एकोणतीस माणसांइतका उशीर. ज्या सत्यात करुणा नाही ते पुरे सत्य नव्हे. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."