मिरीची शेपटी

फार फार वर्षांपूर्वी एका चिंचेवर खारींची बालवाडी भरायची. ढोलीत जायला-यायला एकच अरुंद फांदी होती. झुपकीबाई दिवसभर ओरडायच्या, "पळू नका! ढकलू नका!" पिल्लं माना डोलवायची आणि पुन्हा धूम ठोकायची.

एकदा धक्काबुक्कीत इवलीशी मिरी खाली पडली. खाली पाचोळा होता म्हणून वाचली. बाईंचा जीव भांड्यात पडला. रागवायला त्यांनी तोंड उघडलं, तर ओरडून ओरडून घसाच बसलेला! मग त्यांनी हळूच विचारलं, "बाळांनो, कुणी पडू नये म्हणून काय करू या?"

मिरीच म्हणाली, "बाहेर येणाऱ्यानं शेपटी वर करायची. ती दिसली की आत जाणाऱ्यानं थांबायचं."

सगळ्यांनी शेपट्या उडवून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनाच उशीर झाला. त्या फांदीवरून सुसाट निघाल्या, तर समोरून मिरी बाहेर येत होती. तिची शेपटी वर होती.

"सरक गं! मी बाई आहे!"

मिरी थरथरली, पण शेपटी खाली आली नाही. ढोलीतून सगळी पिल्लं टकामका बघत होती.

झुपकीबाई थांबल्या. अंग चोरून त्यांनी मिरीला वाट दिली.

त्या दुपारी पिल्लं ओळीनं घरी गेली. ओळ करा, असं कुणी सांगितलंच नव्हतं.