केरबाच्या चष्म्यातला बांध

एका गावात एक भोळा गडी राहत होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून या गोष्टीवरून चिडतात. गड्याचं नाव केरबा. त्याला सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, त्यात कणभर इकडचं तिकडे नाही. लोक म्हणायचे, असा आज्ञाधारक माणूस मिळायचा नाही. त्याची बायको हौसाबाई म्हणायची, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

केरबाचं शेत लहानसं होतं. शेताच्या एका टोकाला त्याचं घर आणि दुसऱ्या टोकाला बांध. बांधापलीकडे सर्जेराव. हा सर्जेराव दरसाल नांगरताना बांध थोडाथोडा कोरायचा. असं करता करता केरबाचं आंब्याचं झाड सर्जेरावाच्या रानात गेलं. झाड जागचं हललं नव्हतं. शेवटी हौसाबाईनं सरकारी मोजणीचा अर्ज केला आणि दहा दिवसांनी साहेब येणार म्हणून कागद आला.

कागद केरबानं हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला, उन्हात धरला. चौथी शिकलेला माणूस, पण आता पन्नाशी उलटली होती.

"काय लिवलंय?" हौसाबाईनं विचारलं.

"मुंग्या हायत," केरबा म्हणाला.

"आन् त्यो बांधाच्या टोकाचा दगड दिसतोय का हितनं?"

"कुटला दगड?"

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. मोजणीच्या दिवशी कागद वाचता आला पाहिजे आणि हद्दीचा दगडही दाखवता आला पाहिजे. नाहीतर आंबा गेलाच. तिनं नवऱ्याला तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात पाठवलं.

दुकानदार मेहेंदळे म्हणून होते. त्यांनी केरबाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मग हातातला कागद वाचायला लावला. दोन्हीकडे मुंग्याच निघाल्या.

"तुम्हाला दोन नंबरांचा चष्मा लागेल. वरच्या काचेतून लांबचं दिसेल, खालच्या काचेतून जवळचं," मेहेंदळे म्हणाले. मग त्यांनी दोन चष्मे पुढे ठेवले. "हा आडव्या रेघेचा. आणि हा बिनरेघेचा. लांबचं कुठे संपलं आणि जवळचं कुठे सुरू झालं, कुणाला कळायचं नाही. मोठमोठे लोक हाच नेतात."

"मोट्या लोकांचं बरोबर हाय. त्यांना बांध लागत न्हाई," केरबा म्हणाला. "आमाला रेघंचाच द्या. मधी बांध नसला की भांडणं व्हत्यात."

मेहेंदळ्यांनी मान डोलावली. रेघेचा चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि सांगितलं, "नीट ऐका. जवळचं बघायचं ते खालच्या काचेतून. लांबचं वरच्या काचेतून. आणि सवय होईपर्यंत आठ दिवस चष्मा अजिबात काढायचा नाही."

केरबा दुकानातून निघाला. दाराशी तीन पायऱ्या होत्या. पायऱ्या पायाला लागून, आणि पाय तर आपलेच, म्हणजे जवळचेच. केरबानं खालच्या काचेतून पाहिलं. पायरी फुगून वर आली. त्यानं पाय टाकला, तिथे पायरी नव्हती. उरलेल्या दोन पायऱ्या तो बसूनच उतरला.

मेहेंदळे धावत आले. "अहो, पायरीवर खालच्या काचेतून नसतं बघायचं! पायरी आली की मान पार खाली घालायची, म्हणजे वरच्या काचेतून पाय दिसतात."

"म्हंजे पाय लांबचं?"

"चष्म्याच्या हिशेबानं लांबचेच."

स्वतःचे पाय इतके लांबचे निघावेत याचं केरबाला वाईट वाटलं. पण तो म्हणाला, "बरं, पायरी आली की मान खाली." आणि घरी आला.

चष्मा त्यानं एकदाही काढला नाही. आंघोळ चष्म्यासकट केली. न्हाव्यानं कानावरचे केस दांडीच्या वरखाली कापले. तिसऱ्या दिवशी चावडीत चार माणसं जमली होती. केरबा चावडीच्या पायरीवर उभा राहिला. पायरीच ती. त्यानं मान पार खाली घातली.

सर्जेराव आत बसला होता. त्यानं मोठ्यानं विचारलं, "का रं केरबा, मी तुजा बांध कोरला म्हनं? माज्याकडं बघून बोल की."

केरबानं मान वर केली नाही.

"लोकहो, बघा," सर्जेराव म्हणाला. "खोटं बोलणाऱ्याची मान आपसूक खाली जाती."

लोकांनी बघितलं. मान खाली होती. गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

हौसाबाईला हे कळलं तेव्हा तिनं हातातली भाकरी परातीत आपटली. "चार माणसांत मान खाली घातली? अवं, आपण काय चोरी केलीया का? माणसासंगं बोलताना मान ताठ ठिवावी!"

"आसं व्हय. बरं, माणूस आला की मान वर," केरबा म्हणाला.

चौथ्या दिवशी तो उतारा आणायला तलाठ्याकडे गेला. तलाठी खुर्चीत बसला होता आणि केरबा उभा होता. केरबानं मान ताठ केली, ती इतकी की त्याला तलाठ्याच्या डोक्यावरचा पंखाच दिसू लागला. तो पंख्याशी बोलला. तलाठ्याला सवय वाकलेल्या माणसांची. आपल्यापुढे कुणी हनुवटी उचलून बोलतंय हे बघून त्याचं डोकं फिरलं. तरी त्यानं उतारा काढून पुढे केला. केरबानं तो हात लांब करून धरला आणि वर बघत म्हणाला, "सायेब, दिसत न्हाई."

"दिसेल कसं? आढ्याला लिहिलंय का?" तलाठी ओरडला. "जे बघायचं ते आधी जवळ आणावं आणि मग बघावं! चष्मा कशाला घेतलास?"

"आसं व्हय. बरं, बघायचं ते जवळ आणायचं," केरबा म्हणाला, आणि उतारा डोळ्याशी धरून घरी आला.

सहाव्या दिवशी हौसाबाई म्हणाली, "उद्या मोजणी हाय. बांधाच्या टोकाचा दगड जागेवर हाय का, तेवडं बघून या."

केरबा कुदळ घेऊन गेला. तासाभरानं परत आला तेव्हा तो घामानं भिजला होता आणि त्याच्या डोक्यावर दगड होता. त्यानं दगड ओसरीवर उतरवला, त्याच्यापुढे मांडी घातली आणि खालच्या काचेतून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"हाय," तो म्हणाला. "दगड एकदम बेस हाय."

हौसाबाई हातातलं काम टाकून ओसरीवर धावली. "अवं, त्यो जागेवर हाय का ते बघायचं व्हतं!"

"जागेवरच व्हता. तितनंच तर काढला."

"जावा! जितला तितं रोवून या!"

केरबा दगड घेऊन पुन्हा गेला. पण कुणाच्या बैलाचा पाय अडकू नये म्हणून खड्डा त्यानं चांगला बुजवून, वर माती सारखी करून ठेवली होती. त्यात सर्जेरावानं ही संधी सोडली नाही. तेवढ्या वेळात त्यानं सगळ्या बांधावरून नांगर फिरवला होता. आता इकडून तिकडे सगळं रान एकसारखं काळं दिसत होतं. केरबानं दगड पुन्हा घरी आणला.

त्या दिवशी हौसाबाई जेवली नाही. आंबा तिनं सासरी आल्यावर स्वतः लावला होता, घागरीनं पाणी घालून वाढवला होता. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, "आता तुमच्या जिभंवर सगळं हाय. सायेबानं इचारलं तर डोळ्यानं दिसंल तेवडंच सांगा. मनाचं एक अक्षर घालू नका."

"आसं व्हय. बरं, दिसंल तेवडंच," केरबा म्हणाला.

सातव्या दिवशी मोजणीचे साहेब आले. बरोबर शिपाई, शिपायाच्या हातात चुन्याची पिशवी. साहेबांनी जुना नकाशा उलगडला. तो घडीवर फाटलेला होता आणि हद्द नेमकी घडीवरच होती. साहेबांनी शेताकडे पाहिलं. दगड नाही, बांध नाही. घरी लवकर जायचं होतं.

"शेतमालक कोण? हद्द कुठं होती ते दाखवा."

साहेब माणूसच. केरबानं मान ताठ केली आणि समोर पाहिलं. पाहता पाहता त्याचा चेहरा उजळला.

"सायेब, रेघ दिसतीया!"

"कसली रेघ?"

"आडवी. ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर. एकदम सरळ."

गाव पुढे सरकलं. साहेबांनी डोळे बारीक केले. "मला तर काही दिसत नाही."

"तुमी चष्मा लावला न्हाई."

हे साहेबांना पटलं. त्यांनी खिशातून आपला चष्मा काढून लावला. तोही दोन नंबरांचा आणि रेघेचाच होता, आणि कालच आणलेला होता. साहेब बघतच राहिले. वीस वर्षं ते लोकांच्या हद्दी मोजत होते, पण हद्द अशी समोर उभी राहिलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आहे खरी," ते म्हणाले, आणि 'रेघ समक्ष पाहिली' असं वहीत लिहून टाकलं. "आता ती नक्की कुठं आहे, ते मालकानं सांगायचं."

केरबाची मान ताठ होती, त्यामुळे रेघ पार लांब गेली होती. "आंब्याच्या पल्याड," तो म्हणाला. "सर्जेरावाच्या हिरीच्याबी पल्याड. त्याच्या गोठ्यावरनं गेलीया."

सर्जेराव पांढरा पडला. हौसाबाईला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण नवऱ्याची मान वर राहिली की जमीन वाढते एवढं तिनं ताडलं. ती आंब्याखालून ओरडली, "मान तशीच ठिवा! हलू नका!"

पण सर्जेरावाच्याही ते ध्यानात आलं. कारभारी माणूस तो; चावडीच्या पायरीवर केरबाची मान कशी खाली गेली होती ते त्याला आठवलं. तो मायेनं म्हणाला, "केरबा, जपून रं. म्होरं सगळं नांगराट हाय. पायऱ्याच पायऱ्या."

पायऱ्या म्हटल्यावर केरबानं मान पार खाली घातली. रेघ गोठ्यावरून उतरली, विहीर ओलांडून आली, आंबा मागे टाकून आली आणि त्याच्या पायाशी थांबली.

"सायेब," केरबा म्हणाला, "रेघ हिकडं आली."

"कुठं?"

"माज्या अंगठ्याम्होरं."

साहेबांनी वहीतलं आधीचं खोडलं. हद्द दोनदा सांगितली तर शेवटची धरायची असा नियम आहे, असं ते म्हणाले. सर्जेराव म्हणाला, नियम फार चांगला आहे. शिपाई चुना घेऊन पुढे आला.

"रेघेवर उभे राहू नका," साहेब केरबाला म्हणाले. "चुना टाकायचाय. मागे सरा."

केरबा दोन पावलं मागे सरला. मग त्यानं खाली पाहिलं.

"सायेब, रेघ हितं हाय."

"मग मागे सरा."

केरबा मागे सरला.

"सायेब, आता हितं हाय."

"मागे सरा म्हणतो ना!"

केरबा मागे सरत गेला, शिपाई चुना टाकत गेला. भुईमुगाचं वावर गेलं. कडब्याची गंजी गेली. अंगण आलं. हौसाबाई आडवी पडली. "अवं, त्यो चष्मा काढा! रेघ चष्म्यावर हाय!"

"आट दिस काढायचा न्हाई," केरबा म्हणाला. "आज सातवा हाय."

"बाई, सरकारी कामात अडथळा आणू नका," साहेब म्हणाले.

केरबा ओसरीवर चढला. ओसरी गेली. माजघर गेलं. तो स्वयंपाकघरात शिरला आणि शिपायानं चुलीवरून चुन्याची रेघ ओढली. वर ठेवलेल्या आमटीतही थोडा पडला. शेवटी केरबाची पाठ मागच्या भिंतीला लागली.

"मागे सरा," साहेब म्हणाले.

"आता सरता येत न्हाई, सायेब."

"छान," साहेब म्हणाले. "म्हणजे हद्द नक्की झाली." त्यांनी तिथेच उभ्यानं कागद लिहिला आणि केरबाच्या हातात दिला. "नीट वाचा. पटलं तरच सही करा. जबरदस्ती नाही."

सर्जेराव दारात उभा होता, सगळं गाव त्याच्या मागे. हौसाबाई चुलीपाशी बसून रडत होती. केरबानं कागद जवळ आणला आणि खालच्या काचेतून पाहिलं. मुंग्या कुठेच नव्हत्या. अक्षरं काळीभोर, टपोरी, एकेक सुटी. त्यानं घसा साफ केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं खणखणीत वाचलं:

"माझी हद्द माझ्या घराच्या मागच्या भिंतीपर्यंत असून, त्यापुढील घर, ओसरी, अंगण, शेत व आंब्याचे झाड ही सर्व मालमत्ता सर्जेराव यांची आहे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहून, राजीखुशीने लिहून देत आहे."

जोडाक्षरावरसुद्धा तो अडला नाही. त्यानं वळणदार सही केली, खाली तारीख घातली आणि आनंदानं भरलेल्या तोंडानं बायकोकडे वळला.

"हौसे, रडतीस काय? आयकलंस न्हवं? एका दमात वाचलं! चष्मा झ्याक हाय!"