गोलच्या मागची जागा

"चूक गोलकीपरची की बॅकची... तेवढं सांगा, सर."

प्रभाकर वाघचौरे दारातूनच बोलला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

ओहोळ सर अंगणात खुर्चीवर बसले होते. पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, पाण्यात मीठ. मॅचच्या संध्याकाळी कुणी ना कुणी येणारच हे त्यांना ठाऊक असावं. शेजारी दोन स्टुलं आधीच मांडून ठेवलेली होती.

वाघचौरेच्या मागून दस्तगीर तांबोळी आत आला. दोघं मैदानापासून इथवर भांडतच आले होते. पण त्या भांडणातही आता काही जोर उरला नव्हता. विक्रांत क्लब या मोसमात इतक्या वेळा हरला होता, की हरण्यावरची वाक्यंसुद्धा झिजून गेली होती. एकानं एक म्हणायचं, दुसऱ्यानं काय म्हणायचं ते दोघांनाही पाठ होतं.

विक्रांत हा खडकीतला जुना हॉकी क्लब. मुरमाचं मैदान, एका बाजूला चार पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कडुनिंब. ओहोळ सरांनी उभी हयात त्या मैदानावर पोरं घडवली. वाघचौरे त्यांच्यातलाच एक. सेंटर हाफ खेळायचा, चांगला खेळायचा, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही. गुडघा गेला तसं खेळणं सुटलं. मैदान मात्र सुटलं नाही. हॉकीतलं काही अडलं की बाजारातले लोक त्याला विचारत, आणि क्लबच्या कमिटीतही त्याचा शब्द चाले.

"बस," सर म्हणाले.

वाघचौरे बसला.

"आज चार गोल खाल्ले, सर. चार. त्यातले दोन तर शाळेतल्या पोरानं अडवले असते. तो पिल्ले गोलमध्ये उभा राहतो की गोलबाहेर, तेच कळत नाही."

"पिल्ले एकटा काय करील?" दस्तगीर थकल्या आवाजात म्हणाला. त्याचं सायकलचं दुकान होतं, आणि बॅक म्हणून तोही एके काळी खेळला होता. "मोरघडे आणि तो दुसरा बॅक, दोघंही बॉलमागं धावतात. त्यांचा माणूस मोकळा सुटतो. मग पिल्लेच्या नावानं शंख."

"गोलकीपर कशाला असतो मग?"

"बॅक कशाला असतात?"

सरांनी एक पाय पाण्यातून वर काढला, पंच्यानं पुसला, पुन्हा पाण्यात सोडला.



"चौथा गोल झाला," सर म्हणाले, "तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"नेहमीच्या जागी. गोलच्या मागं, जाळीला लागून."

"काय करत होतात?"

"बघत होतो."

"नुसतं?"

दस्तगीरच म्हणाला, "ओरडत होतो, सर."

"काय ओरडत होतास?"

"मी म्हणत होतो, थांब, लाइन सोडू नकोस."

"आणि तू, प्रभाकर?"

"पुढं ये म्हणालो. अँगल कापायला नको का? लहान पोरालाही कळतं."

"मग त्यानं काय केलं?"

"काय करणार... अर्धा पुढं आला आणि तिथंच अडकला. बॉल बाजूनं गेला."

सरांनी मान डोलावली. वाघचौरेला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. तो स्टूल ओढून जवळ सरकला.

"म्हणूनच आलोय, सर. परवा कमिटी बसते आहे. मी सांगणार आहे, पिल्लेला बाहेर बसवा. राखीव पोरगा कच्चा आहे, पण निदान घाबरत तरी नाही. तुमचा शब्द पाठीशी असला की कुणी आडवं येणार नाही."

सरांनी घमेल्यातलं पाणी पायानं ढवळलं.

"एक मॅच थांब."

"एकच तर राहिली आहे. देहूरोडबरोबरची. ती हरलो तर क्लब खालच्या गटात जातो. विक्रांत आजवर कधी खाली गेलेला नाही, सर. तुमच्या वेळेला नाही, आमच्या वेळेला नाही."

"ठाऊक आहे."

"आणि तरी पिल्लेलाच ठेवू म्हणता?"

"ठेव. आणि तू रविवारी तुझ्या जागेवर उभा राहा. जाळीला लागून. तोंड मात्र उघडायचं नाही."

वाघचौरेला आधी हसू आलं. मग ते गेलं.

"म्हणजे माझ्या ओरडण्यानं क्लब हरतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कुठं तसं म्हटलं? तू विचारलंस, चूक कुणाची. मला ठाऊक नाही. मी मॅचला येत नाही, पाय साथ देत नाहीत. तू बघून ये. मग सांग मला."

"इतकी वर्षं बघतोच आहे की."

"हं..." सर म्हणाले. "पाणी गार झालं. जरा ते घमेलं कडेला सार."

वाघचौरेनं घमेलं उचललं, झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि निघाला. वाटेत दस्तगीर म्हणाला, "मला नाही जमायचं गप्प बसायला. मी रविवारी येतच नाही." वाघचौरे तसाच पुढं चालत राहिला. पण परवाच्या कमिटीत तो पिल्लेविषयी एक अक्षर बोलला नाही. सरांचा शब्द त्यानं आजवर कधी मोडला नव्हता.

रविवारी चारला मॅच सुरू झाली. ऊन तिरपं झालं होतं. पायऱ्यांवर माणसं होती, पण सुतकाला जमावीत तशी.

वाघचौरे त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला. पिल्ले त्याच्यापासून चार पावलांवर होता, पाठमोरा. पॅड, छातीवरचं कवच, हेल्मेट. कुणाल पिल्लेला तो अगदी लहानपणापासून ओळखत होता, आणि या मोसमात त्यानं त्याचं तोंड क्वचितच पाहिलं होतं. त्याला दिसायची ती पाठ. त्या पाठीलाच तो सारं सांगायचा.

पहिली काही मिनिटं तशीच गेली. मग देहूरोडवाले उजवीकडून घुसले. एकानं बॉल डीच्या, गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडाशी आणला. वाघचौरेचं तोंड उघडलं, जीभ टाळूला लागली, आणि त्यानं ओठ दाताखाली धरले.

पिल्लेनं मान वळवून मागं पाहिलं.

पापणी लवेल इतकाच वेळ. बॉल समोर, माणूस मारायच्या तयारीत, आणि पिल्ले हेल्मेटच्या जाळीतून मागं, वाघचौरेकडे बघत होता.

मग फटका बसला. बॉल पॅडच्या बाजूनं आत गेला.

पायऱ्यांवरून एक लांब सुस्कारा आला. पिल्लेनं खाली वाकून जाळीतला बॉल काढला, मोरघडेकडे ढकलला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. वाघचौरेचे हात जाळीत अडकलेले होते. हा असा मागं का बघतो... त्याला कळेना.

पाचेक मिनिटांनी पुन्हा हल्ला आला. पुन्हा पिल्लेची मान वळली. या वेळी मोरघडेची स्टिक कशीबशी मध्ये आली आणि बॉल बाहेर गेला. पण वाघचौरेनं ते डोळे पाहिले. तिथं राग नव्हता, भीतीही म्हणता आली नसती. फळ्यापुढं उभं केलेलं पोरगं मास्तरांच्या तोंडाकडे बघतं, तसे ते डोळे होते.

वाघचौरेनं जाळीतून हात काढून घेतले.

हाफ टाइमला बाजू बदलल्या. तोही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलच्या मागं गेला. वाटेत पायऱ्यांवरच्या कुणी विचारलं, "काय वाघचौरे, आज आवाज बसला का?" त्यानं नुसता हात हलवला.

दुसऱ्या हाफमध्ये पिल्लेनं एकदाच मागं पाहिलं. वाघचौरे तसाच उभा होता. पिल्ले क्षणभर थांबला, आणि पुढं वळला. त्यानंतर तो वळलाच नाही.

थोड्या वेळानं एक आवाज आला. घोगरा, मध्येच फाटलेला. "मोरघडे... डावीकडे. तुझ्या डावीकडे."

वाघचौरेला पहिल्यांदा कळलंच नाही की हा पिल्लेचा आवाज आहे. आपण तो मैदानावर कधी ऐकला होता, हे तो आठवू लागला. आठवेना.

मोरघडेही हलला नाही. त्यालाही डीच्या आतून येणाऱ्या आवाजाची सवय नसावी. पिल्ले पुन्हा ओरडला. तेव्हा कुठं मोरघडे डावीकडे सरला, आणि मोकळा सुटलेला माणूस अडला.

शेवटी शेवटी देहूरोडला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पिल्लेनं चौघा जणांना हातानं जागा दाखवल्या, एकेकाला नावानं हाक मारली. फटका खालून आला. त्यानं पाय लांबवून तो पॅडवर घेतला आणि बॉल कडेला गेला. पायऱ्यांवर दोन-चार टाळ्या वाजल्या.

पण विक्रांतला गोल काही करता आला नाही. शिटी वाजली तेव्हा एक-शून्य. क्लब खालच्या गटात गेला.

कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. माणसं मागची धूळ झटकून उठली आणि घराकडे चालू लागली.

पिल्ले गोललाइनवरच बसला होता. त्यानं हेल्मेट काढलं होतं आणि पॅडचे पट्टे सोडत होता. केस कपाळाला चिकटलेले. वाघचौरे जाळीच्या पलीकडे तसाच उभा होता. काही बोलावं असं त्याला वाटत होतं, पण मॅचभर आवळून धरलेलं तोंड आता सुटत नव्हतं.

पिल्लेनंच वर पाहिलं.

"काका, आज बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे. का रे?"

"नाही... आवाज आला नाही, म्हणून."

पिल्लेनं पॅड खांद्यावर टाकले आणि तो खोलीकडे गेला.

वाघचौरे चालत ओहोळ सरांकडे आला. अंधार पडायला अजून अवकाश होता. सर खुर्चीवर होते, पाय घमेल्यात होते. या वेळी स्टूल एकच होतं. तो त्यावर बसला नाही.

"तुमचं ऐकलं," तो म्हणाला, "आणि क्लब खाली गेला."

"हं."

"राखीव पोरगा उभा केला असता तर कदाचित..."

"कदाचित."

यापुढं काय म्हणायचं ते वाघचौरेनं वाटेत ठरवलं होतं. ते कुठं गेलं कुणास ठाऊक. तो मटकन खाली बसला, स्टुलावर नाही, अंगणातल्या फरशीवर.

"तो मागं बघतो, सर."

"कोण?"

"पिल्ले. बॉल डीत आला की मान वळवून मागं बघतो."

"मागं कोण असतं?"



सरांनी घाई केली नाही. बाहेरून एक सायकल गेली, तिची घंटी लांबवर वाजत राहिली.

"दुसऱ्या हाफमध्ये नाही बघितलं त्यानं," वाघचौरे म्हणाला. "बॅकना हाका मारत होता. कॉर्नर अडवला. चांगला अडवला... मॅच संपल्यावर मला विचारतो, काका, बरं नाही का तुम्हाला."

सरांनी डोळे मिटले होते. ऐकताहेत की झोपले, कळत नव्हतं.

"मी ठरवलंय, सर. आता मैदानावर जायचं नाही. पुरे झालं. खालच्या गटातल्या मॅचेस असतील, येणारंही कुणी नसणार. माझा पायगुण नको त्या पोराला. मी घरीच बसेन. त्यालाही बरं, मलाही बरं."

त्यानं सरांकडे पाहिलं.

"ठीक आहे ना, सर?"

सरांनी डोळे उघडले. खाली वाकून पंचा उचलला, हळूहळू एक पाय पुसला, मग दुसरा. पंच्याची घडी घालून मांडीवर ठेवली.

"आणि त्याच्या मागं मग उभं कोण राहणार?"