परत पाठवलेला हत्ती

फार पूर्वी कुंभवती नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या जन्माला आला होता. तो अरण्यात पकडला गेला आणि कंबल नावाच्या हत्तींच्या व्यापाऱ्याकडे आला. त्याचे कान शंखासारखे फिकट होते, म्हणून कंबलाने त्याला शंखकर्ण म्हटले.

त्याच राज्यात वज्रबाहू नावाचा एक सामंत होता. त्याला लढाईसाठी हत्ती हवा होता. शंखकर्णाची उंची आणि सुळे पाहून त्याने कंबलाला पुरती किंमत मोजली. “हत्ती कामाचा निघाला नाही तर परत घेईन,” असा शब्द कंबलाने दिला आणि त्याची निगा राखायला नंदिल नावाचा माहूतही बरोबर पाठवला.

वज्रबाहूने हत्तीला शिकवण द्यायला सुरुवात केली. गवताच्या बाहुल्यांना माणसांचे कपडे घालून त्या मैदानात आडव्या टाकल्या जात आणि हत्तीने त्या तुडवीत पुढे जावे अशी अपेक्षा असे. शंखकर्ण प्रत्येक बाहुलीपाशी थांबे. सोंडेने ती अलगद उचली, वाटेच्या कडेला सावलीत ठेवी, आणि मगच पुढचे पाऊल टाकी. अंकुश लावून पाहिला, उपाशी ठेवून पाहिले. कानामागे रक्त आले तरी त्याने एकाही बाहुलीवर पाय दिला नाही.

“गवताच्या माणसावर पाय देत नाही, तो खऱ्या माणसावर काय देणार!” वज्रबाहू चिडून म्हणाला. “घेऊन जा याला. कंबलाला म्हणावे, माल परत घे आणि माझी किंमत दे.”

नंदिल हत्तीला घेऊन निघाला. वाट अरण्यातून होती. उन्हाळ्याचे दिवस होते आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर वणवा आला. नंदिल विसाव्याला थांबला होता. हत्तीचा पाय साखळीने एका झाडाला बांधलेला होता आणि ते झाड पेटू लागले होते. पळून जायला नंदिलाला वाट मोकळी होती, पण तो माघारी फिरला. साखळीचा आकडा तापून लाल झाला होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरून सोडवला आणि ओरडला, “पळ, शंखा! पळ!” धुरात हत्ती एका दिशेला गेला, माहूत दुसऱ्या. आग विझल्यावर नंदिलाने पुष्कळ हाका मारल्या, पण हत्ती सापडला नाही. जळलेले तळवे घेऊन तो एकटाच नगरात आला.

भांडण राजापुढे गेले.

कंबल म्हणाला, “महाराज, हत्ती माझ्या दारात आलाच नाही. जो आला नाही, तो परत मिळाला असे मी कसे म्हणू? नुकसान यांचे.”

वज्रबाहू म्हणाला, “माझ्या दारातून तो गेला तिथेच व्यवहार संपला. पुढे वाटेत काय झाले ते यांचे यांनी पाहावे.”

“हा माहूत कोणाचा माणूस?” राजाने विचारले.

“यांचा,” एकमेकांकडे बोट दाखवून दोघेही एकदम म्हणाले. माहूत पाठवला कंबलाने होता, पण त्याला पोटाला घालीत होता वज्रबाहू.

दोघांचे एकाच गोष्टीवर एकमत होते. वणव्याची गोष्ट खोटी, माहुताने हत्ती अरण्यात विकला असणार. नंदिलाने आपले तळवे पुढे केले. दरबारातला कोणी म्हणाला, “हात चुलीतही भाजतात.”

राजा दुष्ट नव्हता, पण त्याला खरे काय ते दिसत नव्हते. तो म्हणाला, “पौर्णिमेपर्यंत हत्ती आला तर ठीक. नाही आला, तर राज्यात चोराचे हात तोडतात, तसे याचे तोडले जातील.” नंदिलाला कोठडीत टाकले.

नंदिलाची बायको कुमुदा हे ऐकून अरण्यात गेली. जळलेल्या रानात हाका मारीत ती फिरली. वणव्याची राख संपून हिरवे रान सुरू झाले, तिथे एका डोहाच्या काठी तिला हत्तींचा कळप दिसला. त्यांच्यामध्ये फिकट कानांचा शंखकर्ण उभा होता. कानामागचे अंकुशाचे घाव भरून आले होते. एक म्हातारी हत्तीण त्याच्या अंगाला अंग लावून उभी होती. त्याच्या पायात साखळी नव्हती.

कुमुदेने हाक मारली, “शंखा!”

तो कळपातून बाहेर आला आणि तिच्यापुढे थांबला. तिने सगळे सांगितले. नवरा कोठडीत आहे, पौर्णिमेला त्याचे हात जातील, तू दिसलास तर सुटेल. सांगता सांगता तिचे लक्ष त्या भरलेल्या घावांकडे गेले, मागे वाट पाहत थांबलेल्या हत्तिणीकडे गेले, आणि तिचे शब्द थांबले.

“नको,” ती म्हणाली. “तू सुटावास म्हणून त्यांनी हात जाळून घेतले. मी तुला परत साखळीत नेले तर ते मला काय म्हणतील? राहा तू इथेच, बाबा. सुखी राहा.” पदराने डोळे पुसून ती आल्या वाटेने निघाली.

बोधिसत्त्वाच्या मनात आले, ‘हे पाणी गोड आहे, हे गवत कोवळे आहे. पण ज्या हातांनी मला इथे पोचवले, ते तुटत असताना हा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही.’ त्याने म्हाताऱ्या हत्तिणीच्या कपाळाला सोंड लावली, आणि वळून कुमुदेच्या मागे चालू लागला.

पौर्णिमेच्या सकाळी कुंभवतीच्या वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी एक दृश्य पाहिले आणि त्यांचे भाले हातातच राहिले. पुढे एक थकलेली बाई चालत होती. तिच्यामागे एक प्रचंड हत्ती येत होता. त्याच्यावर माहूत नव्हता, अंकुश नव्हता, गळ्यात दोर नव्हता. बाजारातून तो गेला तेव्हा माणसे दुकानांच्या पायऱ्यांवर उठून उभी राहिली. राजाच्या गजशाळेवरून तो गेला, तेव्हा आतले बांधलेले हत्ती सोंडा वर करून निश्चल उभे राहिले. त्यांना तसे उभे राहायला कोणी शिकवले नव्हते.

राजांगणात नंदिलाला आणले होते. शिक्षा करणारा परशू घेऊन तयार होता. गर्दी दुभंगली आणि हत्ती आत आला. तो सरळ नंदिलाकडे गेला. त्याने सोंडेचे टोक माहुताच्या जळलेल्या तळव्यांवर ठेवले, एकावर, मग दुसऱ्यावर. परशूवाल्याने हातातले हत्यार जमिनीवर ठेवले. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते.

“वेड्या,” नंदिल रडत म्हणाला, “तू कशाला आलास रे?”

मग हत्ती वळला. कंबल पुढच्या रांगेत उभा होता. हत्ती पाहताच त्याने सवयीने नोकराच्या हातून दोर ओढून घेतला होता. शंखकर्ण त्याच्यासमोर गेला, गुडघे टेकून खाली बसला आणि दोर घालायला सोपे जावे म्हणून त्याने मान पुढे केली. वाटेत हरवलेला माल धन्याच्या पायापाशी येऊन पोचला होता.

कंबलाने आयुष्यभर हत्ती बांधले होते. त्याने दोर उचलला, पण त्याचे हात वर जाईनात. दोर खाली पडला आणि तोही हत्तीसमोर गुडघ्यांवर बसला.

“पोचला,” तो म्हणाला. “महाराज, माल मला पोचला. यांची किंमत मी परत करतो. पण याला मी बांधू शकत नाही. ज्याला आणायला दोर लागला नाही, त्याला दोर कसा घालू?”

वज्रबाहू मान खाली घालून पुढे आला. त्याला मैदानातल्या सावलीत ओळीने ठेवलेल्या बाहुल्या आठवत होत्या. “हा कामाचा नाही असे मी म्हणालो,” तो म्हणाला. “अर्धीच किंमत द्या, कंबलशेठ. अर्धी तूट माझी.”

राजा सिंहासनावरून खाली उतरला. तो आधी नंदिलापाशी गेला. “मी तुझे हात तोडणार होतो,” तो म्हणाला. मग त्याने हत्तीपुढे हात जोडले आणि त्या अरण्यात इथून पुढे कोणी हत्ती धरू नये अशी आज्ञा दिली. नंदिल आणि कुमुदा शंखकर्णाला रानाच्या कडेपर्यंत सोडायला गेली.

कंबल पुढेही हत्तींचाच व्यापार करीत राहिला, त्याला दुसरे काही येत नव्हते. पण त्या दिवसापासून सौदा करताना तो आपण होऊन सांगू लागला, “वाटेत काही झाले तर ते माझ्या माथी. माहुताला कोणी जाब विचारायचा नाही.”

ही कथा सांगण्याचे निमित्त असे: श्रावस्तीचे दोन व्यापारी परत पाठवलेल्या आणि वाटेत गहाळ झालेल्या मालावरून भांडत विहारात आले होते. माल वाहणारा गाडीवान खाली मान घालून दाराशी बसला होता. त्यांना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाचे कंबल आणि वज्रबाहू म्हणजे तुम्ही दोघे. नंदिल म्हणजे दाराशी बसलेला हा गाडीवान, आणि कुमुदा म्हणजे घरी त्याची वाट पाहणारी त्याची बायको. राजा अरिंदम म्हणजे माझा शिष्य आनंद. आणि तो हत्ती मीच होतो.”

दोन्ही व्यापारी उठले आणि त्यांनी गाडीवानाला हाताला धरून आत आणून आपल्यामध्ये बसवले. शास्ते म्हणाले, “आपली सुटका बाजूला ठेवून दुसऱ्याच्या सुटकेसाठी चालत जावे, याला मैत्री म्हणतात.”