दस्तगीरचाचांचा रुमाल

“...आणि भीती गेली, की मग जाऊ का गाडीखाली?”

शर्वाणीनं हे विचारलं तेव्हा दस्तगीरचाचा अंगणातल्या दगडावर बसून चहा फुंकत होते. छत्तीस वर्षं त्यांनी बसच्या वर्कशॉपात काढली. मिरजेतले निम्मे मेकॅनिक त्यांच्या शिव्या खाऊन तयार झालेले. आता निवृत्तीत शेजारच्या या पोरीला तिच्या वडिलांची जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करायला शिकवत होते.

काम ते केवढं. इंजिनाखालचा पत्रा खडखडत होता, चार बोल्ट आवळायचे. पण त्यासाठी गाडीखाली आडवं व्हायला हवं. आणि तीनदा गाडी उचलून तीनदाही शर्वाणी पाठ टेकता टेकता उठून बसली होती. इंजिनिअरिंगची पदवी, सगळी गणितं तोंडपाठ, पण पाना पडला तरी दचकायची.

“सांगा ना, चाचा.”

“गेली की सांग,” चाचा म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

आठ दिवस ती रोज गाडी उचलून सराव करत राहिली. मग रविवारी सकाळी तिनं कुंपणावरूनच हाक मारली.

“चाचा, गेली.”

“कोण?”

“भीती. आज एकदाही धडधडलं नाही. सगळं लावून झालंय. तुम्ही फक्त बघायला या.”

चाचा चपला सरकवून आले.

गाडीचं तोंड वर होतं. मागच्या चाकांना विटा लावलेल्या, हँडब्रेक ओढलेला. मध्ये जॅक. दोन्ही अंगांना लोखंडी घोड्या, म्हणजे जॅकनं गाडी उचलल्यावर तिचा भार ज्यांच्यावर टेकवायचा ते स्टँड. शर्वाणीनं गोणपाट अंथरलं, पाना घेतला.

“जाते मी.”

“थांब गं जरा.”

चाचा उकिडवे बसले. खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला. घोडीचं डोकं आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये त्याचं टोक सरकवलं, पलीकडून धरलं, ओढलं.

रुमाल आला.

मग दुसरी घोडी. तिथूनही आला, सुरकुतीसुद्धा न पडता.

शर्वाणी बघतच राहिली... घोड्या उभ्या होत्या, पण त्यांच्यावर काहीच नव्हतं. जॅक उतरवायचा राहून गेला होता. अख्खी गाडी त्या एका जॅकवर, त्याच्या पोटातल्या वाटीभर तेलावर तोललेली. आणि ती तिच्याखाली छाती घालायला निघाली होती.

हातातला पाना फरशीवर पडला. खणकन वाजला. ती जागच्या जागी उडाली.

चाचांनी तो उचलून दिला. “जॅक रोज तर उतरवायचीस.”

“रोज दहादा वाकून बघायचे, चाचा. आज... आज बघावंसंच वाटलं नाही.”

“हं.”

तिनं जॅक हळूहळू सैल केला. गाडी कुरकुरत दोन बोटं खाली आली आणि घोड्यांवर बसली. मग तिनं हात पुढे केला. चाचांनी रुमाल दिला.

टोकसुद्धा आत शिरेना. इकडेही नाही, तिकडेही नाही.

तिला एकदम हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग तिनं खांदा लावून गाडीला धक्का दिला. हलली नाही. दुसऱ्या बाजूनं दिला. हलली नाही. तरी डिकीतून स्टेपनी काढली, गडगडत आणली आणि गाडीच्या पोटाखाली कडेला आडवी सरकवली. काही झालंच, तर गाडी त्या चाकावर तरी अडकेल.

हे चाचांनी शिकवलेलं नव्हतं.

तिनं पाना घेतला. गोणपाटावर बसली. आणि मग तिचा चेहरा उतरला.

“चाचा...”

“बोल.”

“परत धडधडतंय.”

चाचांनी तिच्याकडून रुमाल घेऊन खिशात ठेवला.

“आठ दिवस फुकट गेले,” ती पुटपुटली, उठली आणि गोणपाट गुंडाळायला वाकली.

चाचांनी गोणपाटाच्या कडेवर पाय ठेवला. भीती गेली, हे ऐकल्यापासून धरून ठेवलेला श्वास त्यांनी आत्ता कुठे सोडला.

“आली परत?”

“आली.”

“बरं झालं... आता जा खाली.”