दिवाणजींची नक्कल

त्या राज्यात मंत्री दर हंगामाला बदलत आणि दिवाणजी कधीच बदलत नसत. राजा होता म्हणे, पण त्याला पाहिलेलं कुणी जिवंत नव्हतं. मंत्री कधी मोर असे, कधी वळू. यंदा रानकोंबडा होता. दिवाणजी मात्र एकच, कासव. वय किती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. नवा मंत्री आला की ते कचेरीच्या दारात लवून त्याचं स्वागत करत, आणि आठव्या दिवसापासून तो मंत्री त्यांना विचारूनच खोकू लागे.

राज्याच्या मधोमध एक तळं होतं आणि त्याला मातीचा बांध होता. बांधाच्या खालच्या अंगाला सशांची बिळं. दोन वर्षांपासून त्या बांधाला भेग पडली होती, चांगली पंजा जाईल एवढी. भेगेच्या अगदी समोर भिवरा नावाच्या सशिणीचं बीळ होतं आणि बिळात पाच पिल्लं. यंदा पावसाळ्यात तळं भरलं की बांध जाणार आणि आधी आपलं घर जाणार, हे सांगायला तिला कुणा जाणकाराची गरज नव्हती. तिने पळसाच्या पानावर अर्ज केला. दिवाणजी म्हणाले, ‘‘अवश्य.’’ तिने दुसरा केला. दिवाणजी म्हणाले, ‘‘अवश्य, अवश्य.’’ तिसऱ्या अर्जाला त्यांनी तिला बसायला पाट दिला, तेव्हा मात्र भिवरा घाबरली.

तिची एक मैत्रीण होती, साळुंकी. आठवडी बाजारात जांभळीच्या फांदीवर बसून ती नकला करायची. भिवराचं गाऱ्हाणं ऐकून ती भडकली. ‘‘थांब, चव्हाट्यावरच मांडते यांना,’’ म्हणाली. पुढच्या बाजारी तिने मान आत ओढली, पापण्या अर्ध्या मिटल्या आणि दिवाणजींचा आवाज काढला.

‘‘साहेब, बांध फुटलेला नाही. बांधाने पाण्याच्या सोयीचा विचार केला आहे.’’

मग कोंबड्याच्या आवाजात: ‘‘पण दुरुस्ती करायला काय हरकत आहे?’’

‘‘काहीच नाही, साहेब. फक्त दुरुस्ती केली तर तो बिघडला होता असं ठरेल. आणि मागच्याच महिन्यात आपण तो मजबूत असल्याबद्दल मेजवानी दिली होती.’’

‘‘मग काय करू या?’’

‘‘पुन्हा मेजवानी, साहेब.’’

अहो, काय हसला तो बाजार! रानडुकरं चिखलात लोळली. कचेरीत खेटे घालून घालून ज्यांचे खूर झिजले होते, त्यांना वाटलं, आपल्या छातीवरचा धोंडाच कुणीतरी उचलला. भिवरा तर इतकी हसली की पिल्लं तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आईला हसताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

साळुंकीला वाटलं, आता पंख छाटणार. छाटले नाहीत. पुढच्या बाजाराला पहिल्या रांगेत मंत्री आणि त्याच्या शेजारी दिवाणजी. मंत्री आधी फुरंगटून बसला होता. दिवाणजींनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग तो सगळ्यांच्या वर हसला. साळुंकीला ते काही बरं वाटलं नाही. ज्याला चिमटा काढावा त्याने ‘आणखी जोरात काढ’ म्हणावं, ही काय तऱ्हा झाली?

दोन दिवसांनी दिवाणजी स्वतः जांभळीखाली आले.

‘‘बाई, नक्कल छान करता. एक सांगू? तुमच्या नकलेत मी ‘नाही’ म्हणालो. मी जन्मात कधी कुणाला नाही म्हणालेलो नाही. मी ‘अवश्य’ म्हणतो. नाही म्हटलं की अर्जदार भांडतो. अवश्य म्हटलं की घरी जातो.’’ जरा थांबून ते म्हणाले, ‘‘आणि माझी मान डावीकडे कलते. तुम्ही उजवीकडे कलवता.’’

साळुंकी थक्क झाली. हे स्वतः येऊन स्वतःचं बिंग फोडतात? पण कलावंताची खोड वाईट. तिने मान डावीकडे कलवली, ‘अवश्य’ घातला, आणि हशा दुप्पट झाला. मग दिवाणजी दर आठवड्याला येऊ लागले. कधी एखादं वाक्य देत, कधी मंत्र्याची एखादी फजिती. नंतर कचेरीसमोरच तिच्यासाठी मांडव घातला गेला, का तर बाईंना ऊन लागतं. साळुंकी मांडवात जाऊन बसली खरी, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिवाणजी प्रत्येक विनोदाला नेमक्या जागी हसत होते, आणि दर वेळी त्यांची नजर तिच्याकडे नसून भिवराकडे असायची.

पावसाला तीन आठवडे उरले तेव्हा ती कचेरीत गेली. ‘‘दिवाणजी, बांधाचं काय?’’

‘‘तो विषय मिटला, बाई.’’

त्यांनी भिवराचं पान काढून तिच्यापुढे ठेवलं. खाली वळणदार अक्षरात शेरा होता: ‘‘तक्रार भर सभेत, मंत्र्यांसमक्ष अकरा वेळा सविस्तर मांडली गेली. अर्जदार प्रत्येक वेळी हजर होती. हसत घरी गेली.’’

‘‘जुना नियम आहे,’’ दिवाणजी मायेने म्हणाले. ‘‘मंत्री बसले की ती सभा. अर्जदार सभेतून रडत गेला तर तक्रार उभी राहते आणि आठवड्याच्या आत काम करावंच लागतं. हसत गेला तर समाधान झालं असं धरायचं. तुमचे फार उपकार आहेत, बाई. पूर्वी एकेका अर्जाला आम्हाला वर्षं लागायची.’’

साळुंकी तडक भिवराकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. ‘‘माझंच चुकलं गं. मेल्याने मला राबवून घेतलं. आता ऐक. येत्या बाजारी मी तोंड उघडणार नाही. तू नवा अर्ज घेऊन सभेत उभी राहा, भेग किती रुंद झालीय ते सांग आणि रड. तुला रडायला काय कमी आहे?’’

भिवरा म्हणाली, ‘‘रडेन. पण साळू, खरं सांगू? आठवडाभर मी त्या एका दिवसाची वाट बघते. तो दिवाण कसा आहे हे मला एकटीलाच कळत होतं तेव्हा वाटायचं, मीच वेडी. तू नक्कल केलीस आणि सगळा बाजार हसला, तेव्हा कळलं की सगळ्यांना ठाऊक आहे. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!’’

‘‘बरं वाटू दे नंतर. आधी पिल्लं वाचव.’’

बाजार भरला. मांडव खचाखच. साळुंकी आली, मांडवाच्या खांबावर बसली आणि चोच घट्ट मिटून घेतली. लोक हाका मारू लागले, पण ती हलली नाही. मग भिवरा पुढे आली. हातात ओलसर पळसाचं पान. ती म्हणाली, ‘‘माझं बीळ बांधाखाली आहे. भेगेत आता माझं अख्खं डोकं जातं. काल धाकट्याचं अंथरूण भिजलं.’’ एवढं बोलून तिचा आवाज चिरकला. रानडुकरांनी माना खाली घातल्या. मंत्री जागच्या जागी चुळबुळ करू लागला आणि त्याने दिवाणजींकडे पाहिलं. भिवराचे ओठ थरथरत होते. आता रडणार, आता रडणार, असं साळुंकी मनात घोकत होती.

तेव्हा दिवाणजी उठले. सावकाश चालत मांडवाच्या मधोमध आले. त्यांनी मान आत ओढली, पापण्या अर्ध्या मिटल्या, मान डावीकडे कलवली, जरा जास्तच कलवली, थेट साळुंकी कलवायची तशी.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘बांधाने पाण्याच्या सोयीचा विचार केला आहे.’’

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एक रानडुक्कर फस्सकन हसलं. नंतर दोन, नंतर सगळा मांडव. ‘‘अरे, स्वतःचीच करतायत की!’’ कुणीतरी ओरडलं. ‘‘आहे बाबा म्हातारा मोठ्या मनाचा!’’ दिवाणजी मंत्र्याकडे वळले आणि त्यांनी मेजवानीचं वाक्य टाकलं. साळुंकीपेक्षाही सरस. मंत्री खुर्चीतून घसरला.

‘‘भिवरा, हसू नकोस!’’ साळुंकी किंचाळली, पण त्या गलक्यात ऐकतंय कोण? भिवराने ओठ दाताखाली धरले, पान छातीशी आवळलं, मान फिरवली. मग पिल्लं खिदळली. तिचे खांदे हलू लागले. ती मटकन खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

दिवाणजी नक्कल थांबवून तिच्याजवळ आले. वाकून त्यांनी ते पाणी नीट निरखलं, ते हसण्याचंच आहे याची खात्री करून घेतली आणि हात पुढे केला. भिवराने एका हाताने पोट धरलं होतं. दुसऱ्या हाताने तिने पळसाचं पान त्यांना देऊन टाकलं.