पास्कूचा बाक

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, आणि कधी होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अलीकडं आपलं खारवळे गाव, पलीकडं मिठागरं, आणि मधे पाणीच पाणी. त्या पाण्यावर एकच होडी होती आणि एकच नावाडी. त्याचं नाव पास्कू.

या तरीचा, म्हणजे होडीच्या ने-आणीचा, एक रिवाज होता. पलीकडच्या काठावर कुणी आलं की ते तोंडाशी हात धरून हाक मारी, "हो नावाडीऽऽ!" पास्कू असेल तिथून ओरडे, "आलो!" मग तो जेवत असो, जाळं विणत असो, नाहीतर नुसता आडवा झालेला असो. तिवरांच्या झाडीमुळं हाक मारणारा माणूस काही दिसायचा नाही. पण ‘आलो’ कानावर पडलं की पलीकडचा माणूस निर्धास्त खाली बसे. असं म्हणतात, की पास्कूचा तो शब्द ऐकून तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबत.

पास्कूची बायको इजाबेल. एका भादव्यात तिला ताप भरला. औषधं झाली, मुळ्या उगाळून झाल्या. शेवटी पास्कू देवळात जाऊन क्रूसासमोर गुडघ्यांवर बसला. तीन दिवस बसला. खाडीवर मारतात तशी त्यानं देवाला हाक मारली, पुन्हा पुन्हा मारली. पलीकडून काही आलं नाही. चौथ्या दिवशी इजाबेल गेली.

त्यानंतरही पास्कू दर रविवारी देवळात यायचा, पण अगदी शेवटच्या बाकावर बसायचा. सगळं देऊळ ‘आमेन’ म्हणायचं तेव्हा त्याचे ओठ मिटलेले असायचे. लोकांनी हे पाहिलं. हळूहळू त्या बाकावर दुसरं कुणी बसेनासं झालं. आया पोरांना दबक्या आवाजात सांगत, तिकडं नको जाऊस, त्याची श्रद्धा गेलीय. सगळ्या गावाला पार नेणारा पास्कू, पण त्याच्या उंबऱ्यावर कुणाचं पाऊल पडत नव्हतं. एका माणसापुरता भात रांधायला त्याला कधी जमलंच नाही. उरलेला तो माशांना घाली आणि बोलायचं ते होडीशी बोले.

नाताळच्या आदल्या सकाळी खाडीवर दाट धुकं होतं. पलीकडून हाक आली. पास्कू म्हणाला, "आलो!" आणि वल्ही मारत गेला. काठावर कुणी नव्हतं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि रिकामी होडी घेऊन परत आला.

तीन राजांच्या सणाला तसंच झालं. चाळीस दिवसांचे उपास सुरू झाले त्या बुधवारी पुन्हा तसंच. धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांना हसू आवरेना.

जुजेमाय म्हणाली, "पास्क्या, आज तरी बसलं का रे भूत होडीत? की तुझं तोंड बघून पळालं?"

"तुला न्यायला आलं होतं, माय," पास्कू म्हणाला. "म्हटलं, होडी बुडेल."

बायका खदखदून हसल्या. पास्कू हसला नाही. त्यानं होडी बांधली आणि तो घराकडं चालू लागला.

ही गोष्ट पाद्रीबाबांच्या कानावर गेली. ते धक्क्यावर आले. "पास्कू, पलीकडं कुणी दिसत नाही, कुणी सापडत नाही. तरी तू जातोस?"

"हाक आली की नावाड्यानं जायचं, पाद्रीबाब. कुणी आहे की नाही, ते गेल्याशिवाय कसं कळणार?"

"मग देवळात का गप्प बसतोस, बाबा? तिथंही हेच तर आहे."

पास्कूनं हातातलं वल्हं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तिथं मी नावाडी नाही, पाद्रीबाब. तिथं हाक मारणारा मी आहे. पलीकडून ‘आलो’ ऐकल्याशिवाय मी ‘आमेन’ कसं म्हणू? तेवढं खोटं बोलणं मला जमत नाही."

असं म्हणतात, की त्या दिवशी पाद्रीबाब देवळात जाऊन उशिरापर्यंत पास्कूच्या बाकावर बसले होते.

मग पास्काचा, येशू पुन्हा उठल्याचा सण झाला आणि त्याच्या पुढचा रविवार आला. त्या रविवारी देवळात संत थोमाची कथा वाचतात. येशूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला होता, तो थोमा. अमावास्येचं उधाण होतं, त्यात अवकाळी वादळ उठलं होतं. दारं खडखडत होती. पाद्रीबाब वाचत होते, "पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य..." आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, "आलो!"

सगळं देऊळ मागं वळलं. पास्कू उभा होता. इतक्या दिवसांत देवळात त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. थट्टा करतोय, असं लोकांना वाटलं. पण तो दार ढकलून पळालासुद्धा. त्याच्या मागोमाग सगळे धक्क्यावर धावले.

"कुणाची रे हाक? आम्हाला नाही ऐकू आली!"

"अरे वेड्या, पाणी बघ!"

जुजेमायनं त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला आणि होडी लोटली.

लाटा होडीला नेहमीच्या जागी लागू देईनात. वाऱ्यानं ती ओढत ओढत मिठागराच्या फुटक्या बांधापाशी नेली. तिथं, कमरेएवढ्या पाण्यात, एकमेकांना धरून सात माणसं उभी होती. बांध फुटून ती अडकली होती. पास्कूनं दोन खेपांत सातही जणांना आणलं. असं म्हणतात, की त्याची होडी जाई तेवढ्यापुरतं पाणी सपाट होई.

सगळे काठावर आल्यावर पास्कूनं विचारलं, "हाक कुणी मारली?"

त्यांतली म्हातारी म्हणाली, "कुठली हाक, लेकरा? एवढ्या वाऱ्यात कोण ऐकणार? आम्ही हाक मारलीच नाही. नुसते रडत होतो."

पास्कूनं सातही जणांना एकेक करून विचारलं. सातही जणांनी मान हलवली. मग तो ओल्या वाळूत मटकन बसला आणि त्यानं ओंजळीत तोंड लपवलं.

पाद्रीबाब त्याच्याजवळ गेले. "आता म्हणशील ना रे, आमेन?"

"दिसलं तर अजून काहीच नाही, पाद्रीबाब," तो म्हणाला. एवढ्यात त्याची मान वर झाली. त्यानं समुद्राच्या दिशेला कान दिला. गावातल्या दुसऱ्या कुणालाही काही ऐकू आलं नाही. पास्कूच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक महिन्यांनी हसू आलं. "आलो!" तो ओरडला आणि होडीत बसून निघाला.

तो परत आला नाही. होडीची फळीसुद्धा कुठल्या काठाला लागली नाही. कुणी म्हणतात, ती इजाबेलची हाक होती. कुणी वर आकाशाकडं बोट दाखवतात. खरं काय, ते पलीकडं गेल्याशिवाय कसं कळणार?

आज खाडीवर पूल आहे. पण खारवळ्याच्या देवळात शेवटचा बाक अजून पास्कूचाच आहे. ज्याला ‘आमेन’ म्हणवत नाही, तो तिथं बसतो. त्याला कुणी कारण विचारत नाही, उपदेशही करत नाही. पण त्याला एकटंही बसू देत नाहीत. पुढच्या बाकांवरून कुणीतरी उठतं, मागं जातं आणि त्याच्या शेजारी बसतं. बसताना हळूच एवढंच म्हणतं, "आलो."